ढगांतील हिमकण

सन १९२२ च्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. आज ऑस्लो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहराजवळ, नॉर्वे देशात, व्हॉक्सेनकोलेन नावाची एक टेकडी आहे. तोर बर्जेरॉन हा तरुण स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ तेथे मुक्कामाला होता. टेकडीवरील सूचिपर्णी वृक्षांच्या रानातून तो फिरावयास जाई. धुके तर तेथे वारंवार दाटे. फिरता फिरता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तापमान शून्य अंशाच्या वर असले, म्हणजे धुके थेट वाटेपर्यंत उतरे. परंतु ते शून्याच्या बरेच खाली गेले, म्हणजे तेच धुके झाडांच्या शेंड्यांपाशी थबके आणि खालची वाट मोकळी राही. मग हे धुके जाई तरी कोठे?

बर्जेरॉनने कारण शोधले. कडक थंडीत फांद्यांवर हिमाचा थर साचतो. शून्याखालील तापमानात पाण्याच्या थेंबांपेक्षा हिम हवेतील वाफ अधिक ओढून घेते. वाफ घटली, की धुक्यातील थेंब विरू लागतात आणि त्यांचेच पाणी फांद्यांवर हिमरूपाने जमते. हे तत्त्व आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९११ साली सांगितले होते. जे रानात घडते, तेच ढगात घडत असले पाहिजे, हे बर्जेरॉनने ओळखले.

ढगातील थेंब अतिशय सूक्ष्म असतात. असे सुमारे दहा लाख थेंब मिळून पावसाचा एक थेंब होतो. उंच ढगांत पाणी शून्याखालीही न गोठता राहते. तेथे थोडे हिमकण उत्पन्न झाले, की ते वाफ शोषून भराभर वाढतात, जड होऊन खाली येतात आणि वाटेत वितळून पाऊस होतात. सगळाच पाऊस असा पडत नाही; काही ढगांत थेंब एकमेकांस मिळूनही तो पडतो. तरी उंच ढगांचा अंदाज करताना हिमकणांना विसरून चालत नाही.

हा अंदाज आज संगणक करतो. त्यासाठी वातावरणाचे कित्येक किलोमीटर रुंदीचे कप्पे कल्पितात. एका कप्प्यातले सारे हिमकण मोजणे अशक्यच. धान्य कोणी दाणे मोजून घेत नाही. ते मापाने घेतात. त्याचप्रमाणे संगणकही हिमकणांचे एकंदर वजन व अदमासे संख्या धरतो. पूर्वीपासून त्यांची निरनिराळी पोती केलेली असत : बारीक स्फटिक एका पोत्यात, भुरभुरीत हिम दुसऱ्यात, गारा तिसऱ्यात. परंतु निसर्ग अशी पोती भरीत नाही. स्फटिकावर थेंब गोठत जातात आणि त्याचे हळूहळू गारेत रूपांतर होते. हिमाचा पुंजका सेकंदास सुमारे एक मीटर वेगाने उतरतो. मोठी गार वीस मीटरांहूनही अधिक वेगाने कोसळते. कण चुकीच्या पोत्यात पडला, तर पावसाची जागा व वेळ दोन्ही चुकतात. म्हणून मॉरिसन व मिलब्रँट या शास्त्रज्ञांनी २०१५ साली नवी रीत मांडली. तीत हिमकणांची वेगळी पोती नाहीत. कणांवर किती थेंब गोठले याचा हिशेब ठेवून त्यांचा गुण क्रमाक्रमाने बदलू दिला जातो.

हा हिशेब आपल्याकडेही महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात भारतावर शून्य अंशाची पातळी सुमारे पाच किलोमीटर उंचीवर असते आणि गडगडाटी ढग तिच्याही पुष्कळ वर जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची महाबळेश्वर येथील प्रयोगशाळा ढगांचाच अभ्यास करते. गारांची सूचना वेळीच मिळाली, तर शेतकऱ्याला काढलेले पीक झाकून ठेवता येते. वाटेवरच्या धुक्याकडे एका माणसाने लक्षपूर्वक पाहिले. त्या पाहण्याचे फळ असे दूरवर पोहोचले आहे.