गोळीची आठवण मोबाइलवर

प्रश्न : माझा भाऊ एचआयव्हीवरच्या एआरटी उपचाराच्या गोळ्या अधूनमधून चुकवतो. रोज मेसेज पाठवला तर उपयोग होईल का?

उत्तर : रोज नको. आठवड्यातून एकदा पाठवा, पण उत्तर मागा. केनियातल्या ५३८ रुग्णांच्या चाचणीत (‘लॅन्सेट’, २०१०) दर आठवड्याला नुसतं ‘कसं काय?’ विचारलं जाई. ‘अडचण आहे’ म्हणणाऱ्याला किंवा ४८ तास गप्प राहणाऱ्याला नर्स फोन करी. नियमित गोळ्या घेणारे ६२ टक्के निघाले. मेसेज नसलेल्या गटात ५०. दक्षिण भारतात मात्र आपोआप जाणाऱ्या फोन-मेसेजने फरक पडला नाही. माझ्या मते खरं काम नर्सच्या फोनचं. मेसेजमध्ये आजाराचा उल्लेख नको. मोबाइल घरात कुणाच्याही हाती पडतो. गोळ्या का चुकतात, याबद्दल भावाला एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाशी बोलायला सांगा. १०९७ ही एचआयव्ही-एड्स हेल्पलाइन मोफत आहे.