न्याहारीसाठी सकस धान्याची निवड : ओट आणि ज्वारी

शेतावर काबाडकष्ट करणाऱ्या माणसाच्या आहारात सकाळच्या न्याहारीला मोठे महत्त्व आहे. रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास पोट रिकामे असते, आणि कापसाची वेचणी, निंदण किंवा संत्र्याची तोडणी यांसारखी कामे तर सकाळीच सुरू होतात. असे असूनही नागपूर जिल्ह्यातील पुष्कळ घरांत न्याहारी चहा आणि टोस्ट किंवा बिस्किटे यांवरच उरकली जाते. मुलेही तेवढेच खाऊन शाळेत जातात. मैदा आणि साखर यांच्यापासून बनलेल्या अशा खाण्याने भूक तात्पुरती भागते. शरीराला हवे असलेले सत्त्व मात्र त्यातून फारसे मिळत नाही.

अलीकडे तालुक्याच्या गावीही किराणा दुकानांत ओटाचे पुडे मिळू लागले आहेत. हे धान्य कोणते, ते विकत घ्यावे काय, आणि घ्यावयाचे झाल्यास कसे पारखावे, अशी विचारणा गृहिणी करतात. त्यांना बिनचूक माहिती देता यावी, म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी समजून घेणे इष्ट आहे.

ओट म्हणजे काय ?

ओट हे थंड हवामानात येणारे तृणधान्य होय. कित्येक जण त्याला सातू समजतात. परंतु सातू हे वेगळे धान्य आहे. महाराष्ट्रात ओटाचे पीक रब्बी हंगामात मुख्यत्वे दुभत्या जनावरांच्या हिरव्या वैरणीसाठी घेतात.

खाण्याचे ओट तयार करताना दाण्यावरील कठीण टरफल काढून टाकतात. आतल्या दाण्यात तेलाचा अंश बराच असल्याने तो लवकर खवट होतो. हे टाळण्यासाठी दाण्याला वाफ देतात आणि नंतर तो रुळांखाली दाबून पोह्यासारखा चपटा करतात. यात कोंडा व अंकुर दाण्यातच राहतात. म्हणून साधा चपटा ओट हे पूर्ण धान्यच ठरते. तोच दाणा फार पातळ दाबून झटपट शिजेल असा केला, म्हणजे तो लवकर पचतो आणि रक्तातील साखर अधिक वेगाने वाढवितो. मधुमेही माणसाने जाड ओट घेणेच बरे.

ओटाचा विशेष गुण

ओटात बीटा-ग्लुकान नावाचा, पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा तंतू असतो. तो रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ही गोष्ट मान्य केली. मात्र त्यासाठी या तंतूचे प्रमाण दिवसाला ३ ग्रॅम असावे आणि बाकीचा आहारही कमी स्निग्ध असावा, असे सांगितले. तेवढा तंतू मिळण्यास सुमारे ७५ ग्रॅम कोरडा ओट लागतो. दोन चमचे ओट दुधात टाकून हा लाभ होत नाही. तसेच ओट हे औषध नव्हे. वैद्यकीय उपचार चालू असलेल्या माणसाने ओटाच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत.

पुडा कसा पारखावा ?

१. पुड्यावरील घटकांची यादी वाचावी. ज्याचे वजन अधिक तो घटक यादीत आधी लिहिलेला असतो. यादीत केवळ ओट असेल तो पुडा उत्तम.

२. साखर किंवा मसाला मिसळलेले पुडे टाळावेत. मसाल्याच्या पुड्यात मीठ बरेच असते आणि रक्तदाब असणाऱ्यास ते अपायकारक होते.

३. वापराची अखेरची तारीख पाहावी. उघडल्यावर खवट किंवा कडवट वास आल्यास ओट खाऊ नये.

४. किमतीला पुड्यातील ग्रॅमने भागून १०० ने गुणावे. म्हणजे १०० ग्रॅमची किंमत निघते. त्याच रीतीने ज्वारीची किंमत काढून दोन्ही ताडून पाहाव्यात.

घरची ज्वारी कमी आहे काय ?

१०० ग्रॅम ओटात सुमारे १३ ग्रॅम प्रथिने, ७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ व १० ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, २ ग्रॅमहून कमी स्निग्ध पदार्थ व १० ग्रॅम तंतू असून, सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. प्रथिनांत ओट सरस आहे आणि बीटा-ग्लुकानचा गुण ज्वारीत नाही, हे खरे. परंतु एकूण तंतूंच्या बाबतीत ज्वारी ओटाच्या बरोबरीची आहे. शिवाय चक्कीवर दळलेले ज्वारीचे पीठ कोंड्यासह वापरले, तर तेही पूर्ण धान्यच होय.

सोयाबीनचा पेरा वाढत गेला तसतसे विदर्भातील ज्वारीचे क्षेत्र घटत गेले, आणि जी ज्वारी घरच्या कणगीत असे ती आता अनेकांना बाजारातून आणावी लागते. तरीही जे कुटुंब पैशांच्या ओढीमुळे ओट घेऊ शकत नाही, त्याने आपली मुले सकस न्याहारीला मुकली असे मानण्याचे कारण नाही.

ज्वारी निवडताना घ्यावयाची काळजी

खरिपाची ज्वारी कणसात भरत असताना पाऊस लागला, तर दाण्यावर बुरशी धरते व दाणा काळा पडतो. अशी ज्वारी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत पावसाने भिजलेली, बुरशी लागलेली ज्वारी व मका खाल्ल्याने लोकांना पोटदुखी आणि हगवण यांचा उपद्रव झाला. बुरशीचे विष धान्य शिजविल्याने पुरते नष्ट होत नाही. टपोरा, चमकदार, कोरडा व कुबट वास नसलेला दाणाच न्याहारीसाठी निवडावा.

कण्यांची न्याहारी

पाच माणसांकरिता ज्वारीच्या दोन वाट्या कण्या रात्री भिजत घालाव्यात. सकाळी त्यांत अर्धी वाटी मुगाची डाळ, चवीपुरते मीठ व आठ-नऊ वाट्या पाणी घालून त्या मऊ शिजवाव्यात. जिरे व गोडलिंबाची फोडणी द्यावी आणि ताकासोबत खाव्यात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. डाळीमुळे व ताकामुळे ती उणीव भरून निघते.

ज्वारीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. 'क' जीवनसत्त्वाने ते अधिक शोषले जाते. म्हणून संत्र्याच्या हंगामात न्याहारीसोबत एक संत्रे खावे. एरवी कण्यांवर लिंबू पिळावे. चहा लोहाचे शोषण रोखतो, तेव्हा तो न्याहारीनंतर तासाभराने घ्यावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे ?

महिलांच्या सभेत किंवा अंगणवाडीत कण्या व साधा ओट असे दोन्ही पदार्थ शिजवून दाखवावेत, पुड्यावरील यादी सर्वांसमोर वाचावी आणि १०० ग्रॅमच्या किमतीचा हिशेब बायकांकडूनच करवून घ्यावा. ज्यांच्या घरी कोलेस्टेरॉलचा विकार आहे व ज्यांना परवडते, त्यांनी साधा, जाड ओट खुशाल घ्यावा. इतरांनी चांगली ज्वारी, मूठभर डाळ आणि एक संत्रे यांवर भर द्यावा. पुडा महाग आहे म्हणून तो सकस, असे मात्र कोणीही धरून चालू नये.