१२७ दातांचा गिअर कशासाठी?

प्रश्न : आमच्या आयटीआयच्या लेथसोबतच्या चेंज गिअरच्या संचात २०, २५, ३०, ३५ असे पाचाच्या टप्प्याने दात वाढतात. त्यात एकच गिअर १२७ दातांचा. हा आकडा कुठून आला? त्याऐवजी १२५ चालला नसता का? (टर्नर ट्रेडचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या लेथचा लीड स्क्रू इंची असणार, बहुधा इंचाला चार आट्यांचा. पाडायचे आटे मात्र मिलिमीटरचे. या दोन मापांची गाठ १२७ घालतो. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. गिअरला अर्धा-पाव दात नसतो, म्हणून २५.४ ला पाचाने गुणून पूर्णांक केला, तो १२७. ही मूळ संख्या आहे, तिचे अवयव पडत नाहीत. त्यामुळे अचूक पिच हवा असेल, तर एवढा मोठा गिअर लावण्यावाचून गत्यंतर नाही.

गिअरचे गुणोत्तर म्हणजे पाडायचा पिच भागिले लीड स्क्रूचा पिच. वर ड्रायव्हरचे दात, खाली ड्रिव्हनचे. १.५ मिमी पिच हवा आणि लीड स्क्रूचा पिच ६.३५ मिमी, तर उत्तर येते ३०/१२७. स्टड स्पिंडलच्याच वेगाने फिरत असेल, तर स्टडवर ३०, लीड स्क्रूवर १२७ आणि मध्ये जुळेल तो आयडलर. आयडलरने गुणोत्तर बदलत नाही. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती पुढची : चार आट्यांच्या लीड स्क्रूला ड्रायव्हरचे दात म्हणजे सरळ पिचची वीसपट. एम ६ चा पिच १, म्हणून २० दात. एम ८ ला २५, एम १० ला ३०, एम १२ ला ३५, एम १६ ला ४०. तुमच्या संचातले पाचाचे टप्पे इथे किती चपखल बसतात, पाहा!

आता १२५. तो लावला तर १.५ ऐवजी १.५२४ चा पिच पडेल. फरक फक्त १.६ टक्के, पण तो प्रत्येक आट्याला साठत जातो. शंभर मिलिमीटरच्या स्टडवर १.६ मिलिमीटर! आखूड नट कदाचित चढेल, लांब नट मध्येच आवळेल. १२७ नसेलच, तर ६३ दातांचा गिअर शोधा. ८०/६३ हे गुणोत्तर १.२७ च्या इतके जवळ आहे की शंभर मिलिमीटरला चूक सुमारे ०.०१२ मिलिमीटरच राहते. त्यासाठी कंपाउंड जुळणी लागते : ड्रायव्हर ३० आणि ६३, ड्रिव्हन १०० आणि ८०. साध्या कामाला ती पुरते.

इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना एक पथ्य पाळायचे. काम पूर्ण होईपर्यंत हाफ नट उघडायचा नाही. चेसिंग डायल इथे भरवशाचा नाही. प्रत्येक कटनंतर टूल मागे घ्या आणि मशीन उलटे फिरवून सुरुवातीला आणा. गिअर बसवताना दातांमध्ये कागदाची पट्टी ठेवून आवळा, मग ती काढा, म्हणजे हवी तेवढी फट राहते. पहिला कट नुसता ओरखडा द्या आणि दहा आट्यांचे अंतर पट्टीने मोजा. १.५ पिचला ते १५ मिलिमीटर भरलेच पाहिजे. आणि गिअरचे झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करायला कधीही विसरू नका.