तोट्याचं कारण वहीत कसं लिहिता? मोजून बघा!



धंद्यात आपण सगळं मोजतो. किलोमागचा खर्च, रोजचा गल्ला, थकलेली उधारी. पण माल परत आला की रात्री डोक्यात जे चालू होतं, ते कधी मोजलंय का?

मी मोजलं नव्हतं. माझं पहिलं दुकान अकरा महिन्यांत बंद पडलं. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जड होतं ते एक वाक्य: "आपल्याला काहीच जमत नाही." ते वाक्य दुकानापुरतं थांबलं नाही. फोन उचलणं बंद झालं, लग्नकार्याला जाणं बंद झालं, झोप उडाली. शेवटी बायकोने हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. तिथे कळलं की याला नैराश्य म्हणतात आणि त्यावर उपचार असतात. म्हणून आजचा धडा.

एकच घटना, दोन कारणं

१९७८ मध्ये लिन अब्रॅमसन, मार्टिन सेलिगमन आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी एक मुद्दा मांडला. वाईट प्रसंग सगळ्यांवरच येतात. पण त्याचं कारण आपण स्वतःला काय सांगतो, यावर माणूस किती खचतो आणि किती दिवस खचलेला राहतो, हे बरंचसं ठरतं.

ही सवय मोजायला सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली बनवली. ती १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १२ काल्पनिक प्रसंग आहेत, ६ चांगले आणि ६ वाईट. प्रत्येक प्रसंग आपल्यावर आला असं समजायचं, त्याचं एक मुख्य कारण स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि त्या कारणाला १ ते ७ मध्ये तीन आकडे द्यायचे:

१. हे कारण माझ्यात आहे की बाहेर? (पूर्णपणे माझ्यात असेल तर ७)
२. ते पुढेही राहणार की जाणार? (कायम राहणार असेल तर ७)
३. ते एवढ्याच गोष्टीपुरतं आहे की सगळ्या आयुष्यात पसरलेलं? (सगळीकडे असेल तर ७)

आता आपलं उदाहरण घेऊ. दिवाळीत तुमची दहा किलो चकली मऊ पडली म्हणून परत आली.

पहिली ताई लिहिते, "मला धंदा जमतच नाही, माझं सगळं असंच होतं." आकडे: ७, ७, ७.
दुसरी लिहिते, "गरम असतानाच पिशव्या सील केल्या, घाई केली." आकडे: ६, २, १.

नीट बघा, दुसरीनेही दोष गिऱ्हाइकावर ढकललेला नाही. चूक माझीच, असं तीही म्हणते. मग फरक कुठे आहे? दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात. जबाबदारी घेणं वाईट नाही. पण "मी चुकले" आणि "मी आहेच अशी" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाई उद्या सुधारता येते. "मी आहेच अशी" यावर उद्या काय करणार?

धंद्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. १९८६ मध्ये सेलिगमन आणि पीटर शुलमन यांनी अमेरिकेतल्या आयुर्विमा एजंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विमा एजंटला दिवसभर "नको" ऐकावं लागतं, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. ज्यांची नकाराचं कारण सांगण्याची पद्धत कमी निराशावादी होती, त्यांची विक्री जास्त झाली आणि काम सोडण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी राहिलं.

आकड्याचा अर्थ चुकीचा लावू नका

हा आकडा आजार सांगत नाही, जोखीम सांगतो. गोदामाचं वायरिंग जुनं आहे म्हणजे आग लागली असं नाही. पण लोड वाढला की धोका तिथेच आधी. तसंच, विचारांची ही सवय आणि वरून एखादा मोठा फटका, दोन्ही एकत्र आले की माणूस नैराश्याकडे झुकण्याची शक्यता वाढते.

दुसरं, एका प्रसंगावरून निकाल लावू नका. मूळ प्रश्नावलीतही वाईट प्रसंगांचे आकडे एकत्र करूनच सवय ओळखतात.

तिसरं, जबरदस्तीने "सगळं छान आहे" म्हणू नका. कधी कारण खरंच टिकणारं असतं. दुकानाची जागाच चुकली असेल, तर "पुढच्या महिन्यात होईल" म्हणत भाडं भरत बसणं हाही तोटाच! आपल्याला गोड कारण नको, खरं कारण हवंय.

या महिन्याचा गृहपाठ

हिशोबाच्या वहीत मागे एक पान राखून ठेवा. काही बिघडलं की त्याच दिवशी एका ओळीत कारण लिहा आणि तीन आकडे टाका. सहा नोंदी झाल्या की दुसरा आणि तिसरा रकाना वाचा. सारखे ६-७ दिसले, तर प्रत्येक नोंदीसमोर दोन प्रश्न लिहा: "याला पुरावा काय? यातलं काय मी आठ दिवसांत बदलू शकतो?"

ही वही म्हणजे तपासणी नाही, फक्त आरसा आहे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबू नका. लगेच घरच्यांना सांगा आणि १४४१६ हा नंबर फिरवा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

मशीन बिघडलं की आपण मेकॅनिकला बोलावताना लाजत नाही. मग इथे कसली लाज?

दुकान पुन्हा उभं राहतं, मी उभं केलंय. पण त्याआधी माणूस उभा राहायला हवा. आज रात्री गल्ला मोजून झाला की पहिली नोंद लिहा.