मुलांना घेऊन लंडनला कधी जावे, शहरात कसे फिरावे?

लंडनमध्ये गर्दीचा कळस होतो तो जुलैअखेर, इंग्लंडमधल्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागल्यावर. त्यामुळे महाराष्ट्रातली मे महिन्याची सुट्टी पथ्यावर पडते. तिथल्या छोट्या सुट्टीचा मेअखेरचा आठवडा तेवढा टाळावा. या दिवसांत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून मुलांना दुपारी झोपवले तरी काही बिघडत नाही.

अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत भुयारी रेल्वेचे तिकीट लागत नाही. बसमध्ये २०१४पासून रोख पैसे चालत नाहीत, कार्डच टेकवावे लागते. सेंट्रल लाइन मात्र १९००ची: बोगद्याभोवतीची चिकणमाती तेव्हापासून उष्णता पीत आलेली, डब्यात वातानुकूलन नाही. दुपारी तिथे घामाघूम होण्यापेक्षा दुमजली बसची वरची, अगदी पुढची जागा धरावी. ड्रायव्हर आपणच, असे समजून मुले तासभर गप्प बसतात.

ब्रिटिश म्युझियमला प्रवेश मोफत आहे, तरी वेळ आधी नोंदवलेली बरी. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर मराठी कुटुंबाने चुकवू नये: १९२१-२२मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहत. महाराष्ट्र शासनाने ते २०१५मध्ये विकत घेतले.