मॅटवरून उठा, मग शिकवा

पिलाटीज शिकवायला आपल्याकडे परवाना लागत नाही. या नावाच्या मालकीवरून अमेरिकेत खटला चालला आणि २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सांगून टाकलं, की हे एका व्यायामपद्धतीचं सर्वसाधारण नाव आहे, त्यावर कुणा एकाचा हक्क नाही. तेव्हा बोर्ड कुणीही लावावा. सोलापूर रस्त्याला सोसायट्या उभ्या राहिल्या, राजबागेत विद्यापीठ आलं, तसे आमच्या लोणी काळभोरलाही झुंबा, योगा, पिलाटीज हे शब्द घरोघरी पोचले.

मी इथल्या एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मॅट क्लास घेते. नव्याने शिकवू पाहणाऱ्या मुलींचे अधूनमधून फोन येतात, ‘ताई, सिक्वेन्स द्याल का?’ देते की. पण सिक्वेन्स हातात आला म्हणजे शिकवणं आलं असं नाही, हे मी स्वतः विद्यार्थिनी असतानाच पाहिलं होतं.

शहरातल्या एका मोठ्या हॉलमध्ये मी शिकायला जायचे. समोर व्यासपीठावर सर स्वतःच्या मॅटवर आडवे, गालाशी माइक, मागे गाणी, आकडे इंग्रजीत. सर करायचे ते बघत राहावं असं. फक्त त्यांना आम्ही दिसत नव्हतो, कारण ते छताकडे बघत होते. माझ्या शेजारी साठी ओलांडलेल्या एक काकू यायच्या. त्यांना प्रवेश देताना फी आणि मोबाइल नंबर सोडून काही विचारलेलं नव्हतं. एके दिवशी रोलओव्हर घेतला. उताणं झोपून दोन्ही पाय डोक्यामागे न्यायचे, साधारण हलासनासारखं. काकूंनी जोर लावून पाय मागे टाकले, ‘आई गं’ म्हणाल्या आणि तशाच कुशीवर वळल्या. वर्ग चालूच राहिला. पुढे त्या आल्या नाहीत म्हणून फोन केला, तर कळलं की पाठीचा एक मणका दबला होता. हाडं विरळ झाल्याचं डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, गोळ्याही चालू होत्या. ती चिठ्ठी रोज त्यांच्या पर्समधून वर्गात येत होती आणि तशीच परत जात होती.

हा धोका काही नव्याने उजेडात आलेला नाही. १९८४ साली मेयो क्लिनिकच्या सिनाकी आणि मिकेलसन यांनी पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. पाठ मागे नेणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे मणके नव्याने दबले. पुढे वाकणारे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के निघालं. गट लहान होते, पुढे वाकणाऱ्या तर अवघ्या नऊ, त्यामुळे टक्केवारी घोकायची नाही. पण साठीच्या बाईला शंभर वेळा पोटाकडे गोळा करताना हात आखडायला एवढं पुरेसं आहे.

आता अडचण अशी, की मूळ मॅट व्यायामांमध्ये पुढे वाकणंच जास्त. जोसेफ पिलाटीज (१८८३–१९६७) मूळचे जर्मनीचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नजरकैदेत होते, पुढे न्यूयॉर्कला स्टुडिओ काढला, तिथे नर्तक-नर्तकींची ये-जा असायची. त्यांच्या १९४५ सालच्या पुस्तकात मॅटचे ३४ व्यायाम आहेत. लोक ती यादी अभ्यासक्रमासारखी धरतात आणि तासाभरात ‘पोर्शन’ संपवायला बघतात. पण स्टुडिओत स्प्रिंगची यंत्रं होती आणि शेजारी ते स्वतः किंवा त्यांची जोडीदार क्लारा उभी असायची. यंत्राची स्प्रिंग शरीराला उचलून धरते. मॅटवर मात्र सगळा भार आपला आपणच पेलायचा. म्हणूनच मॅट म्हणजे सोपं आणि यंत्र म्हणजे अवघड, हा समज मला उलटा वाटतो. अनोळखी दहा माणसांना आधाराशिवाय मॅटवर घेणं हे शिकवणाऱ्याचं सगळ्यात कठीण काम आहे, आणि आपण नेमकं तेच नवशिक्यांच्या गळ्यात मारतो.

याचं उत्तर शोधायला परदेशी जायला नको. १९७५ साली पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांची संस्था उभी राहिली. त्यांच्या परंपरेत शिक्षक आसन करून दाखवतो, मग उठतो आणि वर्गात फिरतो. ज्याला जमत नाही त्याला पट्टा, वीट, घोंगडी, खुर्ची. हे पुणेकरांना नवीन नाही. आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणी ‘योगासारखंच ना हे?’ म्हणत येतात. पिलाटीजवाल्यांनी ही रीत उचलायला लाजू नये. एकदा दाखवा, दोनदा नको. मग उभं राहा. मान आणि कंबर बाजूने दिसते, ओटीपोट डावी-उजवीकडे कलतंय का ते पायांकडून दिसतं. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा. हात लावायचा तर आधी विचारा, आणि बाई शिकवणारी असली तरी विचारा.

विचारण्याचंही एक तंत्र आहे. ‘काही आजार आहे का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर ‘नाही’. फॉर्मवरही तेच लिहितात, आणि क्लास संपल्यावर चहा घेताना सिझर, थायरॉईड, मणक्याची गादी सगळं निघतं. मी विचारते, ‘गोळ्या कसल्या चालू आहेत?’ लगेच पर्स उघडते. बाळंतपणाला किती महिने झाले, पायात मुंग्या येतात का, चक्कर येते का, डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालता का. आणि प्रत्येकीला जमिनीवर बसताना-उठताना बघायचं. हात टेकून, गुडघा धरून, ‘अगं बाई’ करत उठणारी बाई फॉर्मपेक्षा जास्त सांगून जाते.

उत्तरं मिळाली की यादीवर काट मारायला घ्यायची. हाडं विरळ असतील तर रोलओव्हर, चेंडूसारखं लोळणं, जोराने उठून बसणं बाद. त्याऐवजी पालथं झोपून छाती थोडी वर, ब्रिज, कुशीवरची पायांची मालिका. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर पाय डोक्यावर न्यायचेच नाहीत. गरोदर बाईला तीन महिन्यांनंतर फार वेळ उताणं ठेवायचं नाही, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो. खरं तर तिला डॉक्टरांच्या होकाराशिवाय घेऊच नका. बाळंतिणीने डोकं उचलल्यावर पोटाच्या मधोमध उभा फुगवटा दिसला, तर पोटाचे स्नायू अजून फाकलेले आहेत, हंड्रेड थांबवा. गादी सरकलेल्या माणसाला पुढे वाकताना पायात कळ गेली तर तिथेच थांबायचं, ‘होईल सवय’ म्हणायचं नाही. लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, असं कुणी सांगितलं तर क्लास बाजूला ठेवून तिला तडक हॉस्पिटलला पाठवा. आणि ‘पाठदुखी बरी करू’ असा बोर्ड कृपा करून लावू नका. निदान डॉक्टरांनी करायचं, उपचार फिजिओथेरपिस्टने.

हंड्रेडचं नाव निघालंच आहे. पाच हेलकाव्यांत श्वास आत, पाच हेलकाव्यांत बाहेर, असं दहा वेळा. सगळ्यांचा आवडता आणि सगळ्यात जास्त माना धरणारा व्यायाम. पाय जमिनीवर, गुडघे वाकवलेले, डोकंही खाली, अशीच सुरुवात करा. डोकं उचलायचं तर टॉवेल आडवा डोक्याखाली घालून दोन्ही टोकं हातांनी धरायची, मानेचा भार टॉवेलवर जातो. ‘बेंबी आत ओढा’ अशी आरोळी मी बंद केली, कारण ती ऐकून सगळ्या श्वासच रोखतात, आणि रोखलेला श्वास रक्तदाब चढवतो. चुलीला फुंकर घालतो तसा लांब श्वास सोडा म्हटलं की पोट आपसूक आत जातं. त्यातून दिवसभर या बायका ओट्यावर, मोबाइलवर, स्कूटरवर पुढेच वाकलेल्या. त्यांना संध्याकाळी आणखी वाकवण्यापेक्षा पाठ मागे नेणं आणि कुशीवर झोपवणं जास्त लाभतं. पाय सरळ करून बसता येत नसेल तर बुडाखाली चादरीची घडी, तळव्याला ओढणी. थेराबँडच हवा असं नाही.

कुठल्याच कोर्समध्ये सांगत नाहीत अशा काही गोष्टी इथे शिकायला मिळतात. केसांचा चिमटा काढायला लावा, उताणं झोपलं की तो कवटीत रुततो आणि मान वाकडी होते. पाय वर नेताना मंगळसूत्र गळ्याशी येतं. काढा म्हणू नका, काही जणींना ते रुचत नाही, ड्रेसच्या आत घालायला सांगा. फरशीवर योगाची पातळ मॅट घातली तर लोळताना मणके टोचतात, खाली सतरंजी हवीच. तेल डेपोंकडे जाणारे टँकर हॉर्न देत असतात, तेव्हा आवाज चढवायचा नाही, थांबायचं. थेऊरचा चिंतामणी जवळ, त्यामुळे संकष्टीला निम्मी बॅच चंद्रोदयापर्यंत उपाशी. त्या संध्याकाळी मी कुशीवरचं आणि श्वासाचंच घेते, आणि कुणालाही पटकन उठून उभं राहू देत नाही. नवरात्रात नऊ दिवस हाच बेत.

कोर्स निवडताना किती व्यायाम शिकवणार हे विचारू नका. दुसऱ्याचा वर्ग किती तास बघायला मिळेल, वेगवेगळ्या वयाच्या माणसांवर शिकवायचा सराव कुणाच्या नजरेखाली होईल आणि शेवटी शिकवण्याची परीक्षा आहे का, हे विचारा. दोन शनिवार-रविवारांत ऑनलाइन मिळणारं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं. दहाच्या वर माणसं मी घेत नाही. त्यापुढे माना दिसेनाशा होतात. यात पैशाचं गणित अवघड आहे, ते लपवत नाही. हॉलचं भाडं ठरलेलं, लोणीत कोरेगाव पार्कची फी कुणी देत नाही, आणि वीस जणी घेतल्या तर महिना निवांत जातो. मी एक बॅच फोडून दोन केल्या, फी थोडी वाढवली, काही जणी सोडून गेल्या. त्यांतल्या दोघी शेजारच्या झुंबाला जातात आणि मजेत आहेत.