तर्री वेगळ्या वाटीत माग

बाई, आता अमरावती आणि पुढल्या वर्षी बहुधा अकोला, असं तू फोनवर म्हणालीस. दोन्हीकडे खोली करून एकटी राहणार म्हणजे बाहेरचं खाणं आलंच. तुझी आई त्याची धास्ती घेऊन बसली आहे. मी तिला म्हटलं, धास्ती कसली, पोरगी वऱ्हाडात चालली आहे. बियाण्यांच्या कंपनीत असताना माझी अर्धी नोकरी दर्यापूर, अकोट, अंजनगाव, मूर्तिजापूर अशा फिरतीवर गेली. त्या सगळ्या काळात पोट सांभाळलं ते खानावळींनी आणि ठेल्यांनी. म्हणून हे चार शब्द.

सगळ्यांत आधी, कोणालाही ‘इथलं चांगलं हॉटेल कोणतं’ असं विचारू नकोस. लोक तुला एसी असलेल्या, चाळीस पानी मेन्यू असलेल्या जागी पाठवतील आणि तू पनीर खाऊन परत येशील. विचारायचं ते असं: सकाळचे पोहे कुठे, गिला वडा कोणाचा, भाकर कोण हातावर थापतं, मटण कोणाकडे दुपारीच संपतं. आपल्याकडच्या प्रत्येक चुलीचा एक पदार्थ असतो आणि त्या पदार्थाची एक वेळ असते. ती वेळ चुकली की त्याच माणसाच्या हातचं तेच खाणं निम्म्यावर येतं.

सकाळ पोह्यांची. सात ते साडेनऊ, फार तर दहा. चांगल्या ठेल्यावर पोह्यांच्या गंजाखाली पाणी उकळत असतं. त्या वाफेवर पोहे मऊ राहतात, पण तेही काही तासांपुरतंच. दहानंतर उरतो तो लगदा किंवा कोरडे कण. पोह्यांवर हरभऱ्याच्या रश्शाची तर्री घेतात. ठेलेवाला विचारेल, ‘तर्री टाकू का?’ तू म्हणायचं, ‘वेगळ्या वाटीत द्या.’ त्याला वाईट वाटत नाही. प्रत्येकाची तर्री वेगळी. कुणाची नुसती लाल दिसते आणि पोटाला काही करत नाही, कुणाची दिसायला साधी आणि दुपारपर्यंत जळजळ. चमच्याने चाखून बघ, मग घाल. लिंबू तर्री घातल्यावर पिळायचं, आधी नाही. कच्चा कांदा जरूर घे. उपासाच्या दिवशी ‘खिचडी’ मागशील तर क्षणभर गोंधळ होईल. आपल्याकडे साबुदाण्याची उसळ म्हणतात.

पोह्यांची वेळ टळली की आलूबोंडा, समोसा, कचोरी. अमरावतीत रघुवीरचं नाव तुला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगेल, तिथे जा. त्याखेरीज आलूबोंड्यावर गरम कढी ओतून देणारे आहेत, तो प्रकार सोडू नकोस. तिखट बोंड्याला आंबटगोड कढी जशी सांभाळून घेते तशी चटणी घेत नाही. मात्र ऑर्डर देण्याआधी कढईकडे बघायची सवय लाव. तेल काळपट झालं आहे, कडेला चिवट फेस धरून आहे, झारा उचलला की धूर येतो आहे, तर सरळ पुढे निघायचं. 2018 पासून कायद्यानेच तळणीच्या तेलाला मर्यादा घातली आहे: त्यातले ध्रुवीय घटक, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र तुझ्या पर्समध्ये नसणार, पण डोळे आणि नाक बरंच सांगतात.

संध्याकाळ गिल्या वड्याची. अमरावतीत हा खायचाच. उडदाच्या डाळीचा वडा भिजवून, दाबून, त्यावर दही, चिंचेची गोड चटणी आणि तिखट चटणी. यात सगळी भिस्त दह्यावर आहे. अमरावती-अकोल्याचा मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो, दही तासाभरात आंबतं. उन्हाळ्यात बर्फावर दही ठेवणाऱ्याकडेच जा आणि ठेला लागल्या लागल्या जा. पहिल्या घासाला दही जिभेला चरचरलं तर प्लेट खाली ठेव, पैसे दे आणि निघ. पन्नास रुपयांसाठी दोन दिवस अंथरुणात काढू नयेत.

आता मटणाचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बाहेरून आलेली माणसं सर्वांत जास्त फसतात. ‘सावजी’ लिहिलेल्या पाट्या तुला दोन्ही शहरांत दिसतील. ही मूळची नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची, विणकरांची चूल. पूर्वी तो रस्सा जवसाच्या तेलात व्हायचा. त्याचा रंग लालपेक्षा काळसर असतो, कारण मसाला भाजून, परतून केलेला असतो. रस्सा टोमॅटोसारखा लालभडक दिसला तर तो सावजी नव्हे, रंग आहे. आपल्या गावाकडचं वऱ्हाडी मटण त्याहून निराळं. त्यात सुकं खोबरं, खसखस, लसूण, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि तिखट असलं तरी मटणाची चव वर राहते. दोन्ही चांगली. पण नवख्या माणसाने पहिल्यांदा वऱ्हाडी खावं, महिन्याभराने सावजीकडे जावं. जीभ सरावते, पोटालाही वेळ द्यावा लागतो.

वेळ दुपारची, साडेबारा ते दीड. मटण सकाळी येतं, सकाळी शिजतं. जी खानावळ दोन वाजता ‘संपलं’ म्हणते तिच्यावर विश्वास ठेव. जी रात्री अकराला ‘सगळं आहे’ म्हणते तिथे अंडाकरी घे. बसल्यावर पहिली फुल प्लेट मागू नकोस, हाफ माग. बहुतेक खानावळींत रस्सा परत वाढतात, मटण नाही. म्हणून आधी भाकर रश्शात कुस्करून खायची, तुकडे शेवटी. तिखट लागलं तर पाणी पिऊ नकोस, त्याने आणखी पसरतं. दही किंवा भाताचा घास घे. आणि एकटी बाई म्हणून संकोच नको, पण पाटी नीट वाच. ‘बार अँड रेस्टॉरंट’ असेल तर पार्सल घे. ‘भोजनालय’ किंवा ‘खानावळ’ असेल आणि गल्ल्यावर किंवा चुलीशी घरचीच बाई दिसत असेल, तर निर्धास्त बस. चुलीशी बायका असलेल्या जागी मला कधी शिळं वाढलं गेलं नाही.

मटणासोबत ज्वारीची भाकर घे. तंदूर रोटी मागू नकोस, ती पंजाबची आणि तिथेच शोभते. भाकर तव्यावरून ताटात यायला हवी. आधीच करून फडक्यात गुंडाळून ठेवलेली नको. एखाद्या ठिकाणी मांडे मिळाले तर भाकर सोडून ते घे. उपड्या घातलेल्या मातीच्या मडक्यावर, खाली जाळ करून, हातावर झेलत झेलत पातळ केलेला मांडा टाकतात. त्या बाईच्या हाताकडे बघत राहावंसं वाटतं. त्या कष्टाला दोन पैसे जास्त पडतात, त्यावरून घासाघीस करू नकोस.

शाकाहारी दिवशी पिठलं-भाकर, ठेचा, पाटवडी-रस्सा, कुठे मिळाले तर फुणके-कढी. 1995 मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली होती, एसटी स्टँडवर त्यांच्याभोवती गर्दी असायची. ती बहुतेक गेली, पण पिठलं-भाकर स्टँडच्या आसपास अजून मिळते आणि भूक असेल तेव्हा तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. वरण मात्र अकोल्याचं खा. तिथे डाळ मिलांचं गाव आहे, तुरीची डाळ जवळच भरडली जाते आणि साध्या राइस प्लेटमधलंही वरण चवीला उतरतं.

वरणावरून पाण्याचं सांगतो, हे कुणी सांगत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं. त्यात डाळ धड शिजत नाही, चहाला वेगळीच चव येते आणि सवय नसलेल्याचं पोट बिघडतं. शहरात हा प्रश्न नाही. अमरावतीला अप्पर वर्ध्याचं धरण आहे, अकोल्याला काटेपूर्णेचं. पण कामासाठी दर्यापूर, अकोटकडे गेलीस तर पाण्याची बाटली घरून ने, आणि हॉटेलात शिरताना चहा-वरणाला कॅनचं पाणी वापरतात का ते विचार. दर्यापूरच्या बाजूला लोकांना या प्रश्नाचा राग येत नाही, त्यांना कारण माहीत असतं.

दोन्ही शहरं कापसाने वाढली आणि कापसामागे माणसं आली. अकोल्यात मारवाडी व्यापाऱ्यांमुळे बासे निघाले. बासा म्हणजे जमिनीवर किंवा साध्या बाकावर बसवून वाढणारी शाकाहारी खानावळ, पातळ फुलके गरम गरम येत राहतात. महिन्याचं जेवण लावायचं झालं तर मी तिथे लावीन. तेल कमी, तिखट बेताचं, रोज चालतं. फाळणीनंतर सिंधी आले. अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात आणि अकोल्याच्या सिंधी कॅम्पात सकाळची दाल-पकवान मिळते, एखाद्या रविवारी पोह्यांऐवजी ती खा. मुस्लिम मोहल्ल्यांतली निहारी पहाटेची, आणि रमजानच्या संध्याकाळी तिकडच्या रस्त्यांवर खिचडा, कबाब, फळं यांची जी रेलचेल असते ती बघायला मैत्रिणींना घेऊन जा. रोजा सुटेपर्यंत ठेल्यापुढे खात उभं राहायचं नाही, एवढं पाळ. बाकी चायनीजच्या गाड्या, पिझ्झा, मोमो हे तुला माझ्याकडून शिकायची गरज नाही.

अमरावती-अकोला जाणं-येणं होईलच. याच महामार्गावर 2022 च्या जून महिन्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून विक्रम केला होता. रस्ता चांगला झाल्यापासून लोक ढाब्यावर न थांबता सुसाट जातात. तू थांब, पण जिथे ट्रकवाले थांबले आहेत तिथे. त्यांना रोज त्याच रस्त्याने यायचं असतं, त्यांचं पोट बिघडवून ढाबा चालत नाही. तिथे शेवभाजी किंवा दाल-तडका, गरम रोटी. मासे, मशरूम असलं काही नको. अकोल्याहून शेगावला गेलीस तर कचोरी स्टेशनवरच, गरम, तळलेल्या मिरचीबरोबर. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी 1950 च्या सुमारास तिथल्या स्थानकावर ती सुरू केली. आता त्या नावाने गावोगावी कचोरी विकतात. शिळी झालेली शेगाव कचोरी म्हणजे मैद्याचं चामडं, ती डब्यात भरून पुण्याला नेऊ नकोस.

पंचांग बघून खावं, हेही खरं. श्रावणात बऱ्याच मटणाच्या खानावळी बंद असतात किंवा अर्ध्या चुलीवर चालतात, तेव्हा तो नाद सोड. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात. त्या दिवशी जुन्या शहरात हॉटेल शोधायला निघू नकोस. मंडळं रस्त्यावर फराळ वाटत असतात, दोन्ही हातांनी घ्यायचा. नवरात्रात अमरावतीला अंबादेवीच्या परिसरात हीच गर्दी. आणि डिसेंबर-जानेवारीत हुरडा. ज्वारीचा पेरा आपल्याकडे फार कमी झाला, कापूस आणि सोयाबीननं सगळं रान घेतलं. हे मला मनापासून लागतं. तरी हुरड्यासाठी हौसेनं पेरणारे शेतकरी आहेत आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर हुरड्याचं ‘ट्रॉम्बे अकोला सुरुची’ हे खास वाण काढलं आहे. शेतावर, भाजलेला, हातावर चोळलेला हुरडा लसणाच्या चटणीशी खा. शहरात पिशवीत मिळतो तो गार झालेला असतो.

बिलाकडे न बघता पैसे देऊ नकोस. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. बिलावर ‘कंपोझिशन’ लिहिलेलं असेल तर त्या मालकाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, तरी काही जण लावतात. ‘सर्व्हिस चार्ज’ ही सक्तीची गोष्ट नाही, काढायला सांग, शांतपणे. त्याऐवजी वाढणाऱ्या पोराच्या हातात दहा-वीस रुपये ठेव. पुढल्या वेळी तोच तुला सांगेल की आज भाजी सकाळची आहे की आत्ताची.

राहिले रोडगे. ते हॉटेलात जाऊन ‘एक प्लेट’ म्हणून मिळायची वस्तू नाही. जाडसर दळलेल्या कणकेचे घड्या घालून केलेले गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आचारी लागतो, मोकळी जागा लागते आणि निदान दहा-बारा माणसं लागतात. थंडी पडली की एखाद्या रविवारी ऑफिसातली मंडळी घेऊन वावरात ये. किती जण ते दोन दिवस आधी कळव, कारण रोडगे माणशी मोजून करतात, आणि तुझ्या मामीला वांगी आदल्या दिवशीच आणावी लागतात.